भेंडीखालचा कोपरा

६ जानेवारी, सोमवार

भेंडीच्या मोठ्या झाडाखालची कचराकुंडी पालिकेने आज कायमची उचलली. मुकादम चंदूने जागेवरच सांगितलं, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. "आता घंटागाडी दारात येणार, काका. कुंडी बंद."

वागळे इस्टेटच्या कारखान्यात एकतीस वर्षं मालाची तपासणी केली. नोंदवहीत आधी काय झालं ते लिहायचं, मग कोणी पाहिलं ते. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं नोंदवायला काही नव्हतं. ठाण्याहून नात सान्वीने नव्या वर्षाची डायरी पाठवली, तिची सुरुवात कचराकुंडीने होते आहे. चालायचं.

कुंडी गेली, सवय गेली नाही. नऊ वाजेपर्यंत त्याच जागी तेरा पिशव्या. आमच्या सोसायटीसमोर रस्ता खाडीकडे वळतो, तिथेच हा कोपरा. खिडकीतून पूर्ण दिसतो. न पाहणं जमत नाही.

८ जानेवारी, बुधवार

आजपासून मी उचलतो आहे. पडद्याच्या जुन्या दांडीच्या टोकाला खिळा बसवला. वाकावं लागत नाही.

मालन दारात उभी होती. म्हणाली, "एकतीस वर्षांत चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नाहीत, आता अख्ख्या डोंबिवलीचा कचरा." मी कप उचलून मोरीत ठेवला. म्हणाली, "आता विसळा."

झाडाखाली मनुबाई बसते. खाडीवरच्या कोळीवाड्यातली. बुधवार, शुक्रवार, रविवार तिची पाटी असते, कारण बाकीचे दिवस आमच्या गल्लीत मासळी कमी खपते. तिच्या आधी तिची सासू बसायची. ती स्वतः चौतीस वर्षं बसते. बसण्याआधी ती स्वतःच्या झाडूने जागा झाडून घेते, हे मला आज कळलं. खिडकीतून साडेसातच्या आधीचं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"दादा, तू उचलतंस ते बरा हाय," ती म्हणाली. "पन किती दिस उचलशील?"

मालन खाली आली, मांदेली घेतली आणि दोघी पाऊण तास बोलत बसल्या. एवढ्या वेळात मांदेलीचे दोन वाटे साफ झाले. काय बोलत होत्या ते विचारलं. "काही नाही," मालन म्हणाली.

१७ जानेवारी, शुक्रवार

दहा दिवस झाले. रोज तेवढंच. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, पार्सलचे डबे, एकदा अख्खी उशी.

टाकणारे सगळे ओळखीचे. कामावर जाताना स्कूटर न थांबवता पिशवी भिरकावतात, नेम चांगला आहे. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर आज मला पाहून हसून नमस्कार केला. दोन्ही हात जोडायचे म्हणजे हातातली पिशवी सोडावीच लागते. ती त्यांनी सोडली.

मला राग यायला हवा होता. मीही नमस्कार केला.

२० जानेवारी, सोमवार

चंदूने आज गाडी थांबवून सल्ला दिला. "काका, तुम्ही जन्मभर उचलाल. देव लावा."

"म्हणजे?"

"देवाची टाइल. माणूस दंडाला घाबरत नाय. देवाला घाबरतो."

हसून सोडून दिलं. पण त्याचं खोटं नाही. आमच्या कारखान्याच्या जिन्यात कोपरान् कोपरा पान थुंकून लाल झाला होता. साहेबांनी चार देवांच्या टाइल लावल्या आणि आठवड्यात भिंती पांढऱ्या झाल्या. तेव्हा कँटीनमध्ये या प्रकाराची सगळ्यांत जास्त टिंगल मी केली होती. म्हणून आता लावायची तर कोणाला न सांगता लावावी लागेल. मालनला तर मुळीच नाही. ती तो कँटीनचा किस्सा पाहुण्यांना सांगते.

२३ जानेवारी, गुरुवार

काम झालं. साक्षीदार कोणी नाही.

दुकानात गणपती आणि साईबाबा संपले होते, दत्तगुरू एकच उरले होते. ते घेतले. पहाटे फिरायला जातो म्हणून निघालो, वाटीत पांढरं सिमेंट कालवलं आणि झाडामागच्या भिंतीवर टाइल बसवली. लेव्हल तपासली, बरोबर आहे. मालनची एक वाटी यात गेली. तिला कळलेलं नाही.

सदरा धुवायला टाकला. बाहीवर पांढरे डाग होते. मालनने ते नखाने खरवडले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सदरा भिजत घातला. काही विचारलं नाही, बरं झालं.

२९ जानेवारी, बुधवार

सहा दिवसांत एकही पिशवी नाही. चंदूने दुजोरा दिला. "बोललो नव्हतो, काका?"

काठी आज सलग सहाव्यांदा रिकामी परत आली. फार बरं वाटलं. इतकं बरं कशाने वाटलं, याचा विचार करत मी गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आलो.

मनुबाई आज झाडाखाली नव्हती. चार पावलं पलीकडे, गटाराच्या झाकणाजवळ बसली होती. तिथे नऊनंतर ऊन येतं. विचारलं तर म्हणाली, "देवाला पाठ दाखवून कशी बसू? नि तोंड करून बसली तर त्याच्यासमोर मासली कापायची. तूच सांग."

चार पावलांचा प्रश्न आहे, गिऱ्हाईक शोधून घेईल, असं वाटतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टाइलखाली आज पाच देव सापडले. चंदूने आणि मी एकदमच पाहिले.

म्हणजे जुन्या तसबिरी. काचेला तडे गेलेली लक्ष्मी, रंग उडालेले राम-सीता, एक शंकर, दोन ओळखता आले नाहीत. पलीकडच्या दोन इमारती पाडून नव्या बांधायच्या आहेत. लोक भाड्याच्या घरात चाललेत, तिथे सगळे देव मावत नाहीत. ते देवापाशी आणून ठेवतात. शिवाय कोणीतरी हार घातला होता आणि उदबत्ती लावली होती.

मी काठी घेऊन उभा राहिलो. गुटख्याच्या पुड्या मी हातानेही उचलल्या आहेत. इथे हात पुढे होईना. चंदू म्हणाला, "आमच्या गाडीत ओल्या कचऱ्यावर देव कसे टाकू, काका? मला सुखरूप घरी जायचंय."

मालनला विचारलं. ती कोकणातल्या गुरवाची मुलगी, देवळातच वाढली. म्हणाली, "हात जोडायचे, अक्षता वाहून निरोप द्यायचा, मग कागद पाण्यात विरघळवायचा. काच वेगळी, लाकूड वेगळं. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" बोलणं सोपं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सतरा. मीच मोजले.

डेअरीवर वेगळीच बातमी ऐकली. टाइल कोणी लावली नाही, ती प्रकट झाली. तीही गुरुवारी. मी दूध घेतलं आणि निघालो.

कोपऱ्यावर दिपेश भेटला. गल्लीतल्या उत्सव मंडळाचा अध्यक्ष, चांगला मुलगा, दोन लेकरांचा बाप आहे तरी मला मुलगाच वाटतो. गेल्या पावसाळ्यात जिन्यात पाणी भरलं तेव्हा मालनला त्याने पाठीवरून खाली आणलं होतं. म्हणाला, "काका, जागृत स्थान आहे. भिंतीवर एका रात्रीत आले महाराज. आपण पत्र्याचं छप्पर टाकू, पुढे लादी, दर गुरुवारी आरती. आणि समितीचे अध्यक्ष तुम्ही."

"मी कशाला?"

"जागा साफ कोणी केली? तुमच्यामुळे तर आले ते."

इथे बोलायला हवं होतं. बोललो नाही. खरं लिहायचं तर अध्यक्ष हा शब्द कानाला बरा वाटला. कारखान्यात मी कधी सीनिअरसुद्धा झालो नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

तसबिरी कमी झाल्या. सतराच्या बारा. कोणी नेल्या, कोणी पाहिलं नाही. दिपेशचं म्हणणं, देव आपापल्या घरी परत जातायत.

घरातल्या किरकोळ नोंदी. मालनने माझा पेचकस आणि पक्कड मागून घेतली, कपाटाची कडी बसवायची म्हणून. कडी अजून सैलच आहे. तिच्या बोटाला काच लागली, ग्लास फुटला म्हणते. मी ग्लास मोजले, सहाच्या सहा आहेत. म्हणजे पूर्वी सात असणार. मोरीत बादलीभर कागदाचा लगदा आहे, तो सान्वीच्या शाळेच्या कामाचा. बाल्कनीत लाकडाच्या पट्ट्यांची मोळी आहे, ती कुंड्यांतल्या वेलांना आधार द्यायला. दुपारी भजनी मंडळाला ती हल्ली रोज जाते, येताना दमलेली असते. या वयात एवढं भजन बरं नाही, असं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

छपराचं नक्की झालं. रविवारी सकाळी झाडाखाली बैठक, सोमवारी खांब. दिपेशनेच सांगितलं, शिवजयंतीच्या पताका बांधता बांधता.

मनुबाईलाही त्याने सांगितलं. प्रेमानेच सांगितलं, "मावशी, तुम्ही आता मार्केटात बसा. देवळासमोर मासळी बरी दिसत नाय."

मी मांदेली घ्यायला गेलो तेव्हा ती बोंबील साफ करत होती. हात थांबला नाही.

"मार्केटात मना कोन बसाया देल? तयां ज्याची त्याची जागा ठरलेली. नवीन बाय आली का कोपऱ्यातसुदा उभी करीत नाय. नि माझा गिऱ्हाईक तुमची गल्ली. म्हाताऱ्या बायका स्टेशनपर्यंत येनार हायेत काय बोंबलाला?"

"दुसरीकडे कुठे?"

"कुठं नाय. पाटी बंद." तिने बोंबलाचं डोकं बाजूला टाकलं. "सासूनं मना हात धरून हयां बसवलं. सुनेला मी बसवीन म्हनत होती. जाऊ दे."

थोड्या वेळाने म्हणाली, "ज्यानं कोनी देव लावला त्यानं चांगल्या मनानंच लावला असंल. मी त्याला शिव्या देत नाय." आणि माझ्या पिशवीत मूठभर मांदेली जास्तीची टाकली.

जेवताना पहिल्या घासानंतर मी ताट सरकवलं. मालनने मांदेली कुरकुरीत तळली होती. तिने ताट पाहिलं, मला पाहिलं, उरलेली मांदेली झाकून ठेवली.

चार पावलांचा प्रश्न आहे असं मी एकोणतीस जानेवारीला लिहिलं आहे. खोडायची सवय नाही, म्हणून तसंच ठेवतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मालनला सांगायचं ठरवलं होतं. दुपारी म्हटलं, "मालन, ती टाइल आहे ना."

ती तांदूळ निवडत होती. "हं."

"काही नाही."

मग तिने एकदम वेगळाच विषय काढला. "कारखान्यात तुमच्या हातून खराब माल बाहेर गेला तर काय करायचात हो?"

"परत मागवायचो."

"गिऱ्हाइकाला काय सांगायचात?"

"खरं ते. तपासणीत चूक झाली, सही माझी आहे."

"लाज नाही वाटायची?"

"एक दिवस वाटायची."

"अच्छा," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. आज तिला कारखान्याची आठवण का झाली कोण जाणे. निवृत्तीनंतर तिने माझ्या तपासणीच्या कामाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

संध्याकाळी फिरताना मला आपोआप उपाय सुचला. माल परत मागवायचा. बैठकीत उभं राहून सांगायचं की टाइल मी लावली. इतकी साधी गोष्ट इतक्या दिवसांत सुचली नव्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

टाइल मी लावल्याचं आज सकाळी सव्वानऊला मी स्वतः सांगितलं. साक्षीदार तीसेक माणसं. कोणी विश्वास ठेवला नाही असं नाही, ठेवला, आणि उपयोग झाला नाही.

सगळं क्रमाने लिहितो.

दिपेशने छपराचं चित्र दाखवलं. मनुबाई गटाराच्या झाकणाजवळ पाटी लावून बसली होती, पण विकत नव्हती. मी उभा राहिलो. म्हणालो, "टाइल प्रकट झालेली नाही. मी लावली. कचरा टाकू नये म्हणून लावली. दुकानात दत्तगुरूच उरले होते म्हणून दत्तगुरू. मनुबाईची जागा जाईल हे मी तपासलं नाही. चूक माझी आहे."

मग दिपेशने माझे पाय धरले.

"काका, म्हणजे महाराजांनी तुमच्या हातून लावून घेतलं."

"अरे, मी दुकानातून आणली."

"तेच तर. बाकीचे देव संपले होते. हेच कसे राहिले?"

मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुवार होता तो." बायका हात जोडायला लागल्या. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला पुन्हा नमस्कार केला, या वेळी रिकाम्या हातांनी. तपासणीत नापास झालेला माल गिऱ्हाइकाने डोक्यावर घेतल्याचं मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. मनुबाईकडे बघायची माझी हिंमत होईना.

तेव्हा मालन पुढे आली. ती चारचौघांत कधी बोलत नाही.

"दिपेश, काय रे, देवानेच लावून घेतलं म्हणतोस ना?"

"हो काकी."

"मग राहायचं कुठे, हेही त्यालाच विचारू या. सतरा तसबिरी होत्या इथे, आज चार उरल्या. इथे थांबायचं नाही असंच काहीतरी त्यांच्या मनात दिसतंय." ती हे इतक्या गंभीरपणे म्हणाली की मलाही पटलं. "आमच्या गावी देवाला कळे लावतात. माझे वडील लावायचे. दोन पाकळ्या देवाला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही."

मी देशावरचा. मला यातलं काही ठाऊक नाही. पण दिपेशची आई मालवणची, ती लगेच म्हणाली, "बरोबर बोलते ती. कौलाशिवाय कसलं देऊळ?" दिपेश आईपुढे बोलत नाही.

मालनच्या पदरात जास्वंदीच्या दोन पाकळ्या होत्या, घरच्याच कुंडीतल्या. यंदा जास्वंद कधी नव्हे इतकी फुलली आहे. तिने तांब्यात बोट बुडवून डावी पाकळी ओली केली आणि टाइलवर दाबून बसवली. उजवीला पाणी लावायचं मात्र राहून गेलं, घाईत होतं असं. मी सांगणार होतो, पण सगळे डोळे मिटून उभे होते.

"महाराज," मालन म्हणाली, "कोळणीची जागा कोळणीला देऊन तुम्हाला मंडळाच्या खोलीत सन्मानाने न्यायचं का? होय असेल तर उजवा द्या."

माझ्या घड्याळाप्रमाणे चार सेकंदांत उजवी पाकळी पडली. डावी बैठक संपेपर्यंत जागची हलली नाही.

दिपेश कागदावरच्या छपराकडे पाहत राहिला. त्याने दहा-बारा दिवस जीव लावला होता, मला त्याच्यासाठीही वाईट वाटलं. शेवटी तो म्हणाला, "खोलीत पंखा आहे. बरं पडेल महाराजांना." मग मनुबाईकडे वळून, "मावशी, रागावलात काय?"

"रागावून काय करू," ती म्हणाली. "उठ, पाटी धर. माझी कंबर गेली या झाकणावर."

दिपेशने पाटी उचलून झाडाखाली नेली. तीस माणसांनी मिळून मग सगळे बोंबील संपवले. मालन पाटीशी वाकली होती. मनुबाई तिच्या कानात काहीतरी म्हणाली आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. काय झालं ते विचारलं. "काही नाही," मालन म्हणाली.

आणखी एक नोंद. तिच्या वडिलांना कौल लावताना मी एकदाही पाहिलं नाही, पण देव तिचं ऐकतो यात आता मला शंका नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

टाइल अखंड निघाली. गवंड्याने दुपारी साडेबाराला सांगितलं, मंडळाच्या खोलीत ती बसवलेली मी स्वतः पाहिली. लेव्हल दिपेशने माझ्याकडून तपासून घेतली.

भिंतीवर आता पांढरा चौकोन उरला आहे, राखायला कोणी नाही. संध्याकाळी सहाला पहिली पिशवी आलीच. टाकणाऱ्याला मी थांबवलं. नमस्कार करायच्या आधी पिशवी परत हातात दिली आणि घंटागाडी सव्वासातला येते असं सांगितलं. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. पंधरा दिवस कचरा उचलला, पण एकालाही वेळ सांगितली नव्हती, हेही लक्षात आलं. चंदू उद्यापासून गाडी झाडापाशी दहा मिनिटं उभी करणार आहे. मंडळाची माणसं आळीपाळीने थांबतील, असं दिपेश म्हणतो. किती दिवस, ते पाहायचं.

पंचांगात पाहिलं तर बुधवारी महाशिवरात्र आहे. गल्लीत कोणी मासळी घेणार नाही. कोळीवाड्यात जाऊन मनुबाईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मना ठावं हाय. तरी येनार. जागेवर बसायचा हाय मना. पाटी रिकामी आनीन."

मालनचं म्हणणं, आपणही जाऊन बसू या. काय घ्यायला, असं मी विचारलं. तिने माळ्यावरची सतरंजी काढून झटकायला घेतली. सुनेलाही घेऊन येते, असा मनुबाईचा निरोप आहे. बुधवार, सकाळी साडेसात ठरलं आहे. सतरंजी मी न्यायची.